काळी बत्ती आणि तायडे काकांचे डोळे

आमच्या खात्यात किस्से का साचतात, याचं एक अगदी तांत्रिक कारण आहे. आम्ही अंधारात बसतो! उजेडातून काळोख्या खोलीत गेल्यावर डोळे रुळायला पाच मिनिटं लागतात, आणि तोवर मालाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. चहाला जाऊन आलो की पाच मिनिटं. जेवून आलो की परत पाच मिनिटं. आता तीन वऱ्हाडी माणसं अंधारात पाच मिनिटं रिकामी बसवली, तर ती काय जप करणार आहेत?

आमची कंपनी अमरावतीच्या एमआयडीसीत आहे. ट्रॅक्टरचे ॲक्सल आणि गिअर बनवते. त्यातले केसाहून बारीक क्रॅक शोधणं हे आमचं काम. ॲक्सल मशीनवर चुंबकीय करायचा, त्यावर चमकणारी पावडर घातलेलं तेल सोडायचं आणि काळ्या पडद्याच्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरायचा. क्रॅक असला की पावडर तिथे गोळा होते आणि हिरवीगार रेघ पेटते. त्या दिव्याला सगळे 'काळी बत्ती' म्हणतात आणि खोलीला 'काळी खोली'. आम्हाला काय म्हणतात ते जाऊ द्या!

आम्ही तिघं. मी वैशाली, इथलीच. पंकज रोज अकोल्याहून रेल्वेने येतो आणि रोज अकोल्याची तारीफ करतो. आणि आमचे मुख्य तायडे काका, वलगावचे. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. "रिटायर होईन तं ह्याच खुर्चीवरून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण गेल्या वर्षी पुण्याहून शिर्के साहेब नावाचे नवे क्वालिटी मॅनेजर आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात काकांना रजिस्टर हातभर लांब धरून वाचताना पाहिलं. झालं! कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू: तायड्याचे डोळे गेले, आता त्याला पॅकिंगला टाकणार. पॅकिंग म्हणजे खोक्यांना टेप मारणं. काका वरून हसायचे, पण त्यांना ते फार लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही हसण्यावारी नेता येत नव्हतं. आमच्या नजरेतून एक क्रॅक सुटला की कुठल्यातरी रस्त्यावर भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उलटू शकतो.

*

माझा पहिला दिवस. पहिला दिवस म्हणून मी पांढराशुभ्र ड्रेस घालून आले होते. आईने दोनदा धुतलेला, वर नीळ दिलेली.

काकांनी काळी बत्ती लावली आणि मी पेटले! वॉशिंग पावडरमध्ये जे काही चमकवणारं असतं, ते या दिव्याखाली निळंपांढरं उजळतं. ओढणी, बाह्या, दात, सगळं! समोरचा ॲक्सल माझ्या उजेडात धुवून निघाला.

काका शांतपणे म्हणाले, "बत्ती बंद कर रे पंकज. हे पोट्टी एकटीच पुरे!"

दुसऱ्या दिवसापासून मी काळा, पूर्ण बाह्यांचा सुती कोट घालते. हात उघडे ठेवायचे नाहीत, हेही काकांनीच शिकवलं. बत्तीचा उजेड दिसत नाही म्हणून तो लागत नाही असं नसतं, हे ते प्रत्येक नवीन माणसाला सांगतात.

*

पंकजला एकदा टायफॉइड झाला. तसा फोन आला, तोही कण्हत. चार दिवस सुट्टी. पाचव्या दिवशी पठ्ठ्या हजर. चेहरा घासूनपुसून स्वच्छ, आवाज क्षीण.

"अशक्तपणा हाये काका," तो म्हणाला.

"असनच," काका म्हणाले. "बस, आराम कर."

पाच मिनिटं गेली, बत्ती लागली, आणि अंधारात दोन कान दिसायला लागले. मग मानेची मागची बाजू. मग नखं! हळद साबणाने जाते असं ज्याला वाटतं, त्याने एकदा आमच्या खोलीत यावं. ती या दिव्याखाली अशी पिवळी पेटते की लग्नाचा मांडव आठवतो.

काका बराच वेळ त्या कानांकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "वैशाली, डॉक्टर चुकला वाटते. हा टायफॉइड नाई, कावीळ हाये!"

मावसभावाचं लग्न होतं म्हणे. मी म्हटलं, अरे, मग तसं सांगायचं ना! तर म्हणतो, लग्नाला दोनच दिवस सुट्टी मिळते, टायफॉइडला चार.

*

आमची बत्ती जुनी, पाऱ्याच्या वाफेवर चालणारी. एकदा बंद पडली की लगेच लागत नाही. आधी थंड होणार, मग हळूहळू तापणार, मग मर्जी झाली तर उजळणार. आणि आपल्याकडची लाइट तर मिनिटभर जाऊन येण्यात पटाईत. एका दुपारी लाइट चारदा गेली आणि चारदा आमचं काम पंधरा-पंधरा मिनिटं थांबलं.

शिर्के साहेब तणतणत आले. "अहो तायडे, लाइट आलीय ना? मग दिवा का लागत नाहीये?"

"साहेब, हा दिवा नाई, जवाई हाये," काका म्हणाले. "एकदा रुसला का घरच्यायनं चूप बसा लागते!"

*

आता पंकजचाच दुसरा किस्सा. हा ऐकताना हसू येतं, पण तेव्हा मला फार राग आला होता, आजही येतो.

बत्तीच्या तोंडावर एक काळी काच असते. दिव्यातले घातक किरण ती अडवते आणि कामापुरतेच बाहेर सोडते. त्या काचेला जरा जरी तडा गेला तरी बत्ती बंद करायची, हा आमच्याकडचा पहिला नियम. त्या दिवशी काका सुट्टीवर होते आणि मी ऑफिसात रिपोर्ट टाइप करत होते. पंकजला काचेवर तडा दिसला. ज्या माणसाला पगार क्रॅक शोधायचा मिळतो, त्याने तो क्रॅक शोधला आणि सोडून दिला! वर घाम येतो म्हणून गॉगलही काढून ठेवला.

मशीनवाल्याने हटकलं तर हा म्हणतो, "अकोल्याचा हाये मी! मे महिन्यात चप्पल डांबराले चिकटते आमची. हे बत्ती काय करन मले?"

संध्याकाळी अकोल्याच्या घरी पोचेपर्यंत डोळ्यांत कोणी ठेचा भरल्यासारखं झालं. पाणी थांबेना, उजेड सहन होईना. आईने काकडीचे काप ठेवले, वडिलांनी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "वेल्डिंग करता काय?" याने मान डोलावली, कारण खरं सांगायची लाज वाटली. नशीब चांगलं म्हणून दोन-तीन दिवसांत डोळे उघडले.

तो परत आला तेव्हा बत्तीच्या बाजूचा डावा गाल लाल होऊन सोलला होता आणि उजवा होता तसाच. काकांनी त्याची हनुवटी धरून तोंड इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"इकडून अमरावती, तिकडून अकोला!"

सगळे हसले. काका नाही हसले. त्यांनी तडा गेलेली काच फडक्यात गुंडाळून शिर्के साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "नवीन काच आल्याशिवाय मी बत्ती लावणार नाई. तुमी मले पॅकिंगले टाका नाई तं घरी पाठवा." दोन दिवस लाइन बंद राहिली. वरून फोनावर फोन आले, पण साहेब काकांच्या बाजूने उभे राहिले, हे मान्य करायलाच हवं. आता रोज सकाळी बत्ती लावायच्या आधी काच तपासून सही करायची असते. ती सही पंकज करतो, आणि काचेला नमस्कारही करतो.

*

मध्यंतरी काकांचे मेहुणे आले होते, वरूडचे. संत्र्यांचा व्यापार. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की सडायला लागलेलं संत्रं या उजेडात ओळखू येतं. जेवणाच्या सुट्टीत ते एक क्रेट घेऊन हजर. "भाऊजी, जरा पाहून द्या."

बाहेरून क्रेट एकदम झकास. काळ्या बत्तीखाली मात्र एकेका संत्र्यावर पिवळे डाग पेटायला लागले. हे मार लागलेलं, ते सडायला आलेलं, ते तर गेलेलंच. काकांनी सवयीने एकेक उचलून रिजेक्टच्या ट्रेत टाकलं. क्रेटमध्ये उरली जेमतेम डझनभर.

मेहुणे काळजीत पडले. "भाऊजी, हे बत्ती आमच्या वरूडात कोणाले दाखवू नका बरं. लोकायचा संत्र्यावरचा विश्वास उडीन!"

रिजेक्ट ट्रेतली संत्री पंकजने आणि मी खाल्ली. चांगली गोड होती.

*

एका सकाळी पाच मिनिटं बसून झाल्यावर बत्ती लावली तर बाकाखाली, फरशीवर हिरवी रेघ. बोटभर, वाकडी, ठसठशीत. तेल सांडलं असेल म्हणून पंकज फडकं घेऊन वाकला आणि तसाच ताठ झाला.

"काका! डिफेक्ट चालून रायला!"

विंचू होता. विंचू या दिव्याखाली आपोआप हिरवा चमकतो, हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं. मी बाकावर, पंकज माझ्या बाजूला, आणि काका खुर्चीतच, पाय वर घेऊन.

"रिजेक्टच्या ट्रेत घे," काका म्हणाले, "अन् टॅग लाव."

शेवटी काकांनीच चिमट्याने उचलून त्याला कंपाउंडबाहेरच्या झुडपात सोडलं. ही बातमी शिर्के साहेबांकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: 'तपासणी कक्षात सजीव वस्तूंची तपासणी करू नये.' आम्ही तिघं मात्र अजूनही बूट घालायच्या आधी बत्तीखाली धरतो.

*

तायडे काकूंच्या हातची पातोडीची भाजी म्हणजे काय चीज आहे, हे लिहून सांगता येणार नाही. बेसनाच्या वड्या, वर झणझणीत रस्सा. अडचण एवढीच होती की आठवड्यातून दोनदा काकांचा डबा कॅन्टीनच्या मांडणीवर हलका व्हायचा. सहाच्या चार वड्या. काकांचा संशय पंकजवर आणि पंकजचा माझ्यावर!

मग एक दिवस मशीन दुरुस्तीसाठी बंद होतं आणि कोणाच्याच हाताला कामाची पावडर नव्हती, तेव्हा मी एक उद्योग केला. आमची चमकणारी पावडर थोडीशी डब्याच्या बाहेरच्या कडीला लावली. खाण्याला नाही हं, तेवढी अक्कल मला आहे. आणि काकांना सांगितलं, आज तुम्ही कडीला हात लावू नका, मी उघडून देते.

दुपारी मी एकेकाला काळ्या खोलीत बोलवून हात दाखवायला लावले. पंकज स्वच्छ. स्टोअरवाले स्वच्छ. मशीनवाले स्वच्छ. आम्ही हरलो म्हणून बसलो होतो, तेवढ्यात पडदा सरकवून शिर्के साहेब आत आले. सेफ्टीवर चार शब्द बोलायचे होते त्यांना.

पाच मिनिटं झाली. बत्ती लागली. साहेबांची उजवी मिशी हिरवीगार!

"सुरक्षितता," साहेब म्हणाले, आणि मिशी वर गेली. "ही स्वतःपासून सुरू होते." मिशी खाली आली. पंकजने तोंडात फडकं कोंबलं. मी भिंतीकडे वळले.

काकांनी सगळं भाषण होऊ दिलं. मग अगदी आदराने विचारलं, "साहेब, पातोडी भल्ली तिखट तं नाई झाली ना?"

साहेबांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. बोटंही हिरवी. मग ते हळूच म्हणाले, "तायडे, आमच्याकडे असं मिळत नाही हो."

त्या दिवसापासून काकू दोन डबे पाठवतात. साहेब माणूस वाईट नाही, हे मला तेव्हा कळलं. डबा रिकामा करून परत देताना एकदा त्यांनी काकांना बाजूला घेतलं. "पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. ऑडिटरने तुमच्या नजरेवर शेरा मारला तर मला तुम्हाला खोलीबाहेर काढावं लागेल. माझ्या हातात काही राहणार नाही." काका "बरं" म्हणाले. त्या दिवशी दुपारी त्यांनी रजिस्टर स्वतः न वाचता माझ्याकडे सरकवलं.

*

ऑडिट आलं ते ऐन मे महिन्यात. ऑडिटर साहेब मोठ्या गिऱ्हाइकाकडून आलेले, गाडीतून उतरले तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा. एसी ऑफिसात बसून सरबत पिईपर्यंत तोच चष्मा आपोआप पांढरा झाला. पंकज बघतच राहिला. बायकोने गेल्या आठवड्यातच करून आणला, असं साहेबांनी कौतुकाने सांगितलं.

काळ्या खोलीच्या दाराशी मी त्यांना आमचा पिवळा गॉगल दिला. त्यांनी तो परत केला. "माझ्या चष्म्याला प्रोटेक्शन आहे. सगळ्यात महागाचं."

आत काका खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा कोट घालून. मागे शिर्के साहेब, पंकज आणि मी. नवीन माणसाला शिकवायला क्रॅक असलेले तुकडे आम्ही सॅम्पलच्या कपाटात ठेवतो, त्यातून ऑडिटरने एक जुना ॲक्सल उचलला. "यांची नजर बघू. दिसेल तो क्रॅक खडूने मार्क करा."

काकांनी तेल सोडलं, ॲक्सल सावकाश फिरवला आणि खुणा केल्या. एक, दोन, तीन. मग चार, पाच, सहा. मग थोडं थांबून, खांद्याच्या वळणावर, सात.

ऑडिटर वाकून वाकून पाहत होते. "तीन," ते म्हणाले. "तीन बरोबर आहेत. बाकीचे चार कुठे आहेत?"

"हे काय साहेब, खुणेखाली."

"मला काही दिसत नाही. शिर्के, तुमच्या माणसाला नसलेलं दिसतंय. वय किती यांचं?"

"सर, मलाही सात दिसतात," मी म्हटलं.

"तुम्ही यांच्याच हाताखालच्या ना?"

त्यांनी फाइल उघडली. शिर्के साहेबांचा चेहरा अंधारातही पडलेला कळत होता. ती खुर्ची जाणार हे दिसत होतं, आणि तेही एका माणसाने तीन म्हटलं म्हणून.

काका उठले. अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमचा चष्मा देता काय एक मिनिट? तेल उडालं असन, पुसून देतो."

साहेबांनी चष्मा काढून दिला. काकांनी तो पुसला, बत्तीखाली थोडा वेळ धरला, आणि डाव्या हाताने खोलीची ट्यूबलाइट लावली. चष्म्याच्या दोन्ही काचा डांबरासारख्या काळ्याकुट्ट!

बाहेरच्या उन्हात जे किरण असतात तेच आमच्या बत्तीत, तेही हातभर अंतरावरून. साहेब मघापासून काळ्या खोलीत काळा चष्मा लावून क्रॅक शोधत होते!

"साहेब," काका म्हणाले, "मोतीबिंदू मले नाई, तुमच्या चष्म्याले झाला."

पंकज पडद्याबाहेर पळाला. शिर्के साहेबांना एकदम खोकला आला. ऑडिटर दोन क्षण काचांकडे पाहत राहिले, मग तेही हसले. असा चष्मा तपासणीत चालत नाही, हा नियम त्यांना पाठ होता, पण नव्या चष्म्याच्या कौतुकात विसरले होते. त्यांनी शिर्के साहेबांचा वाचायचा साधा चष्मा उसना घेतला, नंबर जुळता निघाला, वरून आमचा पिवळा गॉगल चढवला, पुन्हा पाच मिनिटं बसले आणि पुन्हा मोजले. सात. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'तपासनिसाची नजर उत्तम.' काकांशी हात मिळवला आणि गेले.

दुपारी कंपनीभर तोच विषय. पंकज प्रत्येक मशीनवर जाऊन चष्म्याचा प्रसंग करून दाखवत होता. शिर्के साहेबांनी स्वतःच्या पैशाने पेढे मागवले. मी काकांना शोधत काळ्या खोलीत गेले. बत्ती बंद होती, ट्यूबलाइट चालू, आणि ते त्या ॲक्सलवरच्या खडूच्या खुणा फडक्याने पुसत बसले होते.

"काका, पेढा!"

त्यांनी पेढा घेतला, खाल्ला नाही. फडक्यावर ठेवला. "वैशाली, उद्याच्या सुट्टीचा अर्ज लिहून दे मले. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन येतो."

"काहून काका? आता तं खुद्द ऑडिटर लिहून गेला!"

काकांनी दाराकडे एकदा पाहिलं.

"सहा दिसले, पोरी. सातवा पाठ होता."